सोन्याच्या ढिगाची हमाली कोण देणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की वाचनालयांत जादूच्या, राक्षसांच्या आणि ड्रॅगनच्या पुस्तकांना मागणी वाढते आणि घरोघरी एक ठरलेली कुरकुरही सुरू होते. असल्या भाकडकथा वाचून पोरांना व्यवहार कसा कळणार? अर्थशास्त्र आणि वाणिज्य शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे मत याच्या नेमके उलट आहे. व्यापार कशावर चालतो आणि सहकार कुठे मोडतो, हे समजायला पाठ्यपुस्तकातल्या 'अ' आणि 'ब' या बिनचेहऱ्याच्या व्यापाऱ्यांपेक्षा कल्पित कथा जास्त कामाला येतात. अट एकच, त्या वही-पेन्सिल घेऊन वाचायच्या. या कथांत जादूने वस्तू मिळते, पण वाटणी जादूने होत नाही. ती माणसांनाच करावी लागते, आणि बहुतेक कथा तिथेच अडतात.

जे. आर. आर. टोल्किन यांची 1937 साली आलेली 'द हॉबिट' ही कादंबरी घ्या. ड्रॅगनने बळकावलेला वडिलोपार्जित खजिना परत मिळवायला तेरा बुटके निघतात आणि बिल्बो नावाच्या एका घरबशा गृहस्थाला चोरकामासाठी बरोबर घेतात. निघण्यापूर्वी त्याला लेखी अटी मिळतात. मोबदला माल हाती आल्यावर रोख. तो एकूण नफ्याच्या चौदाव्या हिश्शापर्यंत, त्याहून जास्त नाही, आणि तोही नफा झाला तरच. प्रवासखर्च काहीही झाले तरी मिळणार. वाटेत मेलाच तर अंत्यविधीचा खर्च मंडळी सोसणार. तेरा आणि एक चौदा, म्हणजे प्रत्येकाला सारखाच वाटा, साधारण 7.14 टक्के. आपला 1932 चा भागीदारी कायदाही तेच सांगतो. करारात वेगळे काही लिहिले नसेल तर नफातोटा समान.

वर्गात हा करार फळ्यावर लिहून मुलांना फटी शोधायला सांगाव्यात. पहिली फट 'नफा' या शब्दातच आहे. ढोबळ की खर्च वजा जाता? वाटेत तट्टे जातात, शिधा जातो. सरोवरावरचे गाव पुढच्या प्रवासाला होड्या आणि शिधा पुरवते. हा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, याचा अटींत पत्ता नाही. दुसरी फट अशी की खजिन्यातली प्रत्येक वस्तू तोडून वाटता येत नाही. नाणी मोजून देता येतात. पण थोरिन या त्यांच्या म्होरक्याचा जीव ज्या एका रत्नात अडकला आहे, त्याचे चौदा तुकडे कसे करणार? आपल्याकडे माडांचे भाट वाटले जाते, नारळ वाटले जातात, पण विहीर वाटता येत नाही आणि भावाभावांचे बोलणे विहिरीवरच बंद होते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी फट सगळ्यांत खोल. कराराबाहेरच्या माणसाचे काय? ड्रॅगनला मारतो तो बार्ड, आणि तो या चौदांपैकी नाही. ड्रॅगनच्या रागात जळते ते सरोवरावरचे गाव. बार्ड तीन वेगळ्या कारणांनी हक्क सांगतो. ड्रॅगन मी मारला. माझ्या पूर्वजांच्या उद्ध्वस्त नगराची संपत्ती याच ढिगात मिसळली आहे. आणि ज्यांनी तुम्हाला मदत केली, ते लोक आज बेघर आहेत. पहिले कारण मेहनतान्याचे, दुसरे मालकीचे, तिसरे नुकसानभरपाईचे. तिन्ही एकत्र मिसळून वाद घातला तर तो कधीच सुटत नाही. सुटे केले तर प्रत्येकाला वेगळी किंमत लावता येते. थोरिनचे म्हणणे असे की दारात हत्यारबंद सैन्य उभे असताना बोलणी होत नाहीत. तेही चूक नाही. दोन्ही बाजूंकडे रास्त मुद्दे असूनही गोष्ट रक्तपातावर जाते आणि थोरिन जिवाला मुकतो. शेवटी बार्डला सोन्याचांदीचा चौदावा हिस्सा मिळतो, म्हणजे बिल्बोच्या करारातलाच आकडा. जे टेबलावर सुटले असते ते प्रेते मोजून सुटले.

आणि या कादंबरीतला सगळ्यांत मुरलेला अर्थतज्ज्ञ कोण, असे विचाराल तर आम्ही ड्रॅगनचे नाव घेऊ. बिल्बोला गोंधळात पाडण्यासाठी तो शाप देत नाही, हिशेब विचारतो. समजा थोडेथोडे करून शंभर वर्षांत सोने पळवलेस, तरी ते नेणार किती लांब? पोहोचवण्याचे काय, गाडीभाड्याचे काय, पहारेकऱ्यांचे आणि वाटेतल्या जकातीचे काय? बिल्बोने याचा विचारच केलेला नसतो. मुलांनीही केलेला नसतो, म्हणून इथे वजनाचे गणित घालावे. एक लिटर सोने 19.3 किलो भरते. दुधाची लिटरची पिशवी डोळ्यांसमोर आणा. एका तट्टावर 80 किलो लादता येतात असे धरले तर अशा चार पिशव्या झाल्या की तट्टू भरले. डोंगराएवढा ढीग मग किती तट्टांचा, त्यांना चारा किती, वाटेत राखण किती? बिल्बो घरी परततो तेव्हा दोनच लहान पेट्या घेतो, एक सोन्याची, एक चांदीची, एका दणकट तट्टाला झेपेल एवढ्याच. पुष्कळ वाचकांना हे त्याचे औदार्य वाटते. आमच्या मते निम्मे औदार्य आहे आणि निम्मी हमाली.

त्याच कादंबरीत एक छोटा तपशील आहे जो घाईत वाचताना निसटतो. सरोवरावरच्या गावातून पिंपांत भरून मद्य आणि इतर माल नदीने वर वनराजाच्या, म्हणजे जंगलातल्या एल्फ लोकांच्या राजाच्या, महालात जातो आणि रिकामी पिंपे प्रवाहात सोडून परत खाली येतात. बिल्बो बुटक्यांना त्याच रिकाम्या पिंपांत कोंबून कैदेतून सोडवतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्याने दुकान मांडले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. माल एका दिशेने जातो तेव्हा बारदान उलट दिशेने यावेच लागते, आणि परतीची खेप रिकामी जाते की भरून, यावर निम्मा नफा ठरतो. वनराजाचे पहारेकरी भरलेल्या पिंपांवर नजर ठेवतात. रिकाम्या बारदानाकडे कोणी पाहत नाही, आणि गळती तिथूनच होते.

आपल्याकडचे असे सर्वांत मोठे भागीदारीचे साहस म्हणजे समुद्रमंथन. (श्रद्धेच्या गोष्टीला कल्पित म्हणण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही, इथे फक्त तिच्यातला हिशेब पाहतो आहोत.) वैरी असूनही देव-दानव एकत्र येतात, कारण मंदाराची रवी एका बाजूने ओढून फिरत नाही, वासुकीच्या दोरीला दोन टोके धरावी लागतात. भांडवल उसने, यंत्रसामग्री उसनी, श्रम निम्मेनिम्मे. आणि पहिली मिळकत काय, तर हलाहल. उद्योगात विष आधी निघते आणि अमृत शेवटी, हे आजच्या प्रकल्प-अहवालांतही लपवले जाते. कथेत ते विष पचवणारा शंकर मंथनातला भागीदारही नव्हता. डिचोलीत नि सांग्यात ज्यांच्या शेतांत खाणींची माती वाहून आली त्यांना यावर वेगळे भाष्य नको. अमृताची वाटणी आधी ठरली नव्हती, म्हणून मोहिनी, म्हणून राहू-केतू, म्हणून पुढचे कायमचे वैर. त्या चौदा रत्नांची यादी लग्नात अक्षता हातात धरून आपण मंगलाष्टकात ऐकतो. तिच्यात विषाचेही नाव आहे, हे कितीजणांच्या लक्षात येते कोण जाणे. गोव्यातल्या खाणींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात विक्रीच्या रकमेतला 10 टक्के वाटा कायम निधीत ठेवायला सांगितला, तो पुढच्या पिढ्यांसाठी अमृताचा थेंब बाजूला काढण्याचाच प्रकार. फक्त आपल्याकडे हा थेंब काढायचे सुचले ते मंथन बरेचसे उरकल्यावर.

आता ज्या कथेवर एक अख्खा आठवडा घालवावा असे आम्हाला वाटते ती. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातली मूषक व्यापाऱ्याची गोष्ट. अशीच एक गोष्ट जातककथांतही आहे. एका विधवेचा मुलगा. नातेवाइकांनी आईचे सगळे काही लुबाडलेले. ती त्याला लिहायला आणि हिशेब करायला लावते आणि मग सांगते, विशाखिल नावाचा श्रीमंत वाणी चांगल्या घरातल्या गरिबांना भांडवल देतो, त्याच्याकडे जा. मुलगा पोहोचतो तेव्हा विशाखिल दुसऱ्याच एकाला झापत असतो. तुला मी इतके दीनार दिले, तू ते वाढवणे राहो, राखलेही नाहीस. हुशार माणूस या जमिनीवर पडलेल्या मेलेल्या उंदरावरही श्रीमंत होईल. मुलगा म्हणतो, मग हा उंदीरच मला भांडवल म्हणून द्या. तो रीतसर लेखी पावती करून देतो. विशाखिल हसत हसत ती पेटीत ठेवतो.

इथे थांबून मुलांना विचारावे, पावती का? मेलेल्या उंदराची वसुली कोण करणार? उत्तर असे की या पावतीने उंदराची उधारी नोंदली जातेच, पण मुलाची पतही पहिल्यांदा कागदावर येते. तारण नाही, व्याज ठरलेले नाही, परतफेडीची तारीख नाही, तरी दोघांना ठाऊक आहे की हा व्यवहार झाला.

पुढचे टप्पे कथेत झपाट्याने येतात. उंदीर मांजराच्या खाण्यासाठी एका वाण्याला विकून दोन ओंजळी चणे. चणे दळून, पाण्याची घागर घेऊन गावाबाहेरच्या चौकात, सावलीत मुक्काम. थकून येणाऱ्या मोळीविक्यांना नम्रपणे चण्याचे पीठ आणि पाणी. प्रत्येकजण खुशीने दोन लाकडे देतो. ती बाजारात विकायची, थोड्या पैशांचे पुन्हा चणे घ्यायचे. असे करता करता भांडवल साठते आणि तो मोळीविक्यांकडून तीन दिवसांचे सगळे लाकूड विकत घेतो. मग मुसळधार पाऊस, लाकडाची टंचाई, आणि कित्येक शे 'पण' (त्या काळचे नाणे) किमतीला विक्री. त्यातून दुकान, दुकानातून वैभव. शेवटी सोन्याचा उंदीर करून तो विशाखिलाला परत करतो आणि विशाखिल त्याला मुलगी देतो.

'करता करता' या दोन शब्दांत कथाकाराने काय लपवले ते आकड्यांनी बाहेर काढावे. कथेत आकडे मोजकेच आहेत, बाकीचे आपण धरायचे. एक ओंजळ दहा जणांना पुरते. म्हणजे दोन ओंजळी, वीस मोळीविके, रोजची 40 लाकडे. एका लाकडाला एक कवडी धरली तर रोज 40 कवड्या. उद्याच्या चण्यांना 8 कवड्या. उरल्या 32. आता वीसही जणांचे तीन दिवसांचे सगळे लाकूड घ्यायचे आहे. प्रत्येकाचे रोज 30 नग, तीन दिवसांचे 90, वीस जणांचे 1800. घाऊक भाव अर्धी कवडी, म्हणजे 900 कवड्या हव्यात. 900 ला 32 ने भागले की 28 च्या थोडे वर, म्हणजे 29 दिवस. बहुतेक मुले इथे पेन्सिल खाली ठेवतात. त्यांना विचारायचे, या 29 दिवसांत मूषक आणि त्याची आई जेवली काय? दोघांचे रोजचे 12 कवड्यांचे पोट धरा. शिल्लक 20, आणि दिवस 45. वहीत घरखर्चाचा रकाना नसणे ही छोट्या धंद्याची सर्वांत नेहमीची चूक, आणि ती पसरकारांपासून, म्हणजे छोट्या दुकानदारांपासून, बचत गटांपर्यंत सगळीकडे दिसते.

दुसरी चूक म्हणजे पाऊस गृहीत धरणे. पाऊस आला नसता तर? बाजारात रोज साठच लाकडे खपतात असे धरा. 1800 लाकडे खपायला 30 दिवस. तेवढ्यात वाळवी, जागेचे भाडे, आणि रोज ताजी मोळी घेऊन येणारे तेच वीस मोळीविके आता स्पर्धक. गोष्टीत शहाणपण जेवढे आहे तेवढेच नशीबही आहे, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न थोडा टोचणारा आहे. मूषकाने केले ते साठेबाजी की पुरुमेंत? गोव्यातल्या घरांतून पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, कांदे, मीठ भरून ठेवतात. तो साठाच असतो, पण स्वतःच्या चुलीसाठी. मूषकाने गावाच्या चुलींचे लाकूड एका कोठारात ओढले. उलट बाजूने असेही म्हणता येते की त्याने साठवले नसते तर पावसात कोरडे लाकूड कोणाकडेच मिळाले नसते. आणि मोळीविक्यांचे काय? त्यांना अर्धी कवडी रोख मिळाली, पावसात भाव चढला तेव्हा त्यांच्या हाती काहीच नव्हते. कथेत त्यांचे पुढे नावही येत नाही. ज्या मुलाला हा प्रश्न स्वतःहून सुचेल त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

व्यापाराचा मूळ धडा मात्र त्या सावलीत आहे. मोळीविक्याला दोन लाकडे जड नाहीत, तहान जड आहे. मूषकाला मूठभर पीठ जड नाही, लाकूड मिळवणे जड आहे. जे आपल्याला हलके ते देऊन जे जड ते घ्यायचे, दोघेही खूश. हाच विचार डेव्हिड रिकार्डोने 1817 साली आकड्यांत मांडला, आणि त्यासाठी त्याने निवडलेला एक देश होता पोर्तुगाल. त्याच्या उदाहरणात ठरावीक मद्य करायला पोर्तुगालला वर्षभर 80 माणसे लागतात आणि कापडाला 90. इंग्लंडला मद्याला 120 आणि कापडाला 100. पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरीही त्याने मद्य करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचा फायदा. मुलांना हे पटत नाही. त्यांना राक्षस द्यावा लागतो.

समजा शापोरा नदीच्या एका तीरावर राक्षस आहे, दुसऱ्या तीरावर बुटका. राक्षस एका दिवसात 60 नारळ पाडतो किंवा 30 किलो मीठ काढतो. बुटका 10 नारळ किंवा 20 किलो मीठ. दोन्ही कामांत राक्षस वरचढ. आठवड्याचे सहा दिवस दोघांनी निम्मेनिम्मे वाटले तर राक्षसाकडे 180 नारळ, 90 किलो मीठ. बुटक्याकडे 30 नारळ, 60 किलो मीठ. आता बुटक्याने सहाही दिवस मीठच काढावे, 120 किलो. राक्षसाने एक दिवस मीठ, 30 किलो, आणि पाच दिवस नारळ, 300. मीठ एकूण पूर्वीइतकेच, 150. नारळ मात्र 210 चे 300 झाले. बुटक्याने 60 किलो मीठ देऊन 60 नारळ घेतले की त्याच्याकडे 60 नारळ, 60 किलो मीठ. राक्षसाकडे 240 नारळ, 90 किलो मीठ. कोणाचे मीठ कमी झाले नाही, नारळ दोघांचे वाढले.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोण वेगवान हे पाहणे. पाहायचे ते असे की एक किलो मिठासाठी किती नारळ सोडावे लागतात. राक्षसाला दोन, बुटक्याला अर्धा. सौदा या दोन भावांच्या मध्येच होऊ शकतो. 60 किलोसाठी बुटका 30 नारळांच्या खाली उतरणार नाही, राक्षस 120 च्या वर चढणार नाही. मधल्या 90 नारळांवर घासाघीस. आणि होडीवाल्याने तरीचे भाडे 90 नारळ लावले, तर व्यापार बुडाला. ड्रॅगनचा प्रश्न पुन्हा आलाच.

या उदाहरणाच्या बाबतीत कल्पित कथा पाठ्यपुस्तकापेक्षा प्रामाणिक असते, कारण पाठ्यपुस्तकातल्या राक्षसाच्या हातात दंडुका नसतो. नारळ न देता मीठ उचलून न्यायला त्याला कोण अडवणार? रिकार्डोच्या आकड्यांच्या मागेही 1703 चा तह उभा होता. त्यात इंग्रजी लोकरीच्या कापडाला पोर्तुगालचे दार उघडले गेले आणि बदल्यात पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडात फ्रेंच मद्यापेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. निसर्गाने जेवढे दिले होते तेवढेच कागदाने ठरवले होते.

चलनाबद्दल थोडक्यात. हॅरी पॉटरच्या जगात 29 नट्सचा एक सिकल आणि 17 सिकलचा एक गॅलियन, म्हणजे गॅलियनचे 493 नट्स. 493 ला 17 आणि 29 सोडून कशाने भाग जात नाही. गॅलियनचा अर्धा करता येत नाही की पाव. 1958 पर्यंत गोव्यात चाललेल्या रुपयाचे 16 तांगे आणि तांग्याचे 60 रेस, म्हणजे 960 रेस. 960 ला तब्बल 28 संख्यांनी भाग जातो. बाजारात वाटे घालणाऱ्याला कोणते चलन परवडेल हे मुलांना दोन मिनिटांत कळते. त्याच मालिकेत गॉब्लिनांचा मालकीचा कायदाही पाहण्यासारखा आहे. वस्तू ज्याने घडवली त्याचीच, विकत घेणारा हयातीपुरता भाडेकरू. आजच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांची सवय झालेल्या मुलांना हे मुळीच विचित्र वाटत नाही, मोठ्यांना वाटते. आणि तिथल्या जादूलाही अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही; असलेले वाढवता येते, कुठे आहे ठाऊक असेल तर बोलावून घेता येते. आपल्या महाभारतातल्या सूर्याच्या थाळीला तर वेळेची मर्यादा होती. द्रौपदी जेवली की त्या दिवसाचे वाढप बंद. दुर्वास दहा हजार शिष्यांसह आले ते नेमके त्यानंतर. अक्षय पात्रातही अन्न अपुरे नव्हते, पाळी चुकली होती.

राहिला सहकार. त्यासाठी परदेशी ड्रॅगनची गरज नाही, राखणदार पुरे. खाजन शेती भरतीच्या पातळीखाली असते. तिला वाचवतो तो मातीचा बांध आणि मानस, म्हणजे ओहोटीला आतले पाणी सोडणारी आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटणारी दारे. बांधाला कुर्लीने केलेले एक भोक वेळीच बुजवले नाही तर काही भरत्यांत खिंडार पडते. मानशीतली मासळी पावणी, म्हणजे लिलाव, करून दिली जाते, आणि ज्याने पावणी घेतली त्याला खारे पाणी जास्त वेळ आत राहिलेले बरे वाटते. भात लावणाऱ्याला नाही. या भांडणावर रात्री बांधावरून फिरणारा, वहाणा झिजवणारा, कांबळे पांघरलेला राखणदार नजर ठेवतो अशी कथा आहे. ती खरी की खोटी हा प्रश्न आमच्या विषयाचा नाही. रात्री बांध फोडायला निघालेल्याला आपल्याला कोणी पाहते आहे असे वाटणे, यात तिचे काम झाले. सामायिक साधनांवरच्या अभ्यासासाठी 2009 चे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकलेल्या गावसंस्थांतून जी आठ सूत्रे काढली, त्यांत देखरेख आणि चुकीनुसार चढत जाणारा दंड ही दोन आहेत. गावकरीच्या, म्हणजे गावाने सामायिक जमीन सांभाळण्याच्या, जुन्या व्यवस्थेत ही दोन्ही ओळखीची होती.

वर्गात हे करायला वीस चिठ्ठ्या पुरतात. वीस घरे, प्रत्येकाकडे मातीच्या पाच टोपल्या. बांध टिकायला 90 टोपल्या हव्यात. टिकला तर प्रत्येक घराला 20 पायल्या भात, फुटला तर शून्य, आणि टाकलेली टोपली परत मिळत नाही. चिठ्ठीवर गुपचूप आकडा लिहायचा. दोन घरांनी शून्य लिहिले तरी 90 भरतात आणि ते दोघे फुकट भात नेतात. तिसऱ्याने तेच केले की 85, आणि सगळे बुडाले. पहिले दोन चुकार सुटतात हेच तिसऱ्याला दिसते, दुखणे तिथे आहे. अशा प्रयोगांत फेरीगणिक देणे घटत जाते आणि चुकाराला दंड करण्याची मुभा दिली की पुन्हा वाढते, हे वारंवार दिसलेले आहे. म्हणून पहिल्या चार फेऱ्या दंडाविना घ्याव्यात, पाचवीपासून एका मुलाला राखणदार करून चिठ्ठ्या उघडण्याचा अधिकार द्यावा. त्याला मोबदला म्हणून प्रत्येक घराने एक पायली द्यायची. ती द्यायला कोण कुरकुरते, हेही वहीत टिपावे.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की बालपुरवणीत गोष्ट छापताना खाली तात्पर्याची जी ओळ असते तिच्या जागी आठवड्यातून एकदा जमा आणि नावे असे दोन रिकामे रकाने छापावेत आणि ते मुलांना भरू द्यावेत. आकडे चुकले तरी चालतील, घरखर्च आणि वाहतूक विसरली नाही म्हणजे झाले. सुरुवात मूषकाच्या गोष्टीने करता येईल. तिची पहिली नोंद तयारच आहे. जमा: मेलेला उंदीर, नग एक, विशाखिलाकडून उसना, पावती दिली.

आपले,
अर्थशास्त्र व वाणिज्य शिकवणारे काही शिक्षक,
फोंडा, गोवा